सकाळचा धूर कोणाचा?

दिव्याचं बटण दाबताना ज्याला धूर दिसतो असा माणूस उभ्या खानदेशात एकच झाला, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघाला. मूळचे साक्रीकडचे मामा जळगावच्या एका डाळमिलमध्ये वायरमन होते आणि मी तिथेच कारकून. आमच्या मिलला धुराडं नाही याचा शेठना कोण अभिमान! सरकारी फॉर्मात 'धूर' या रकान्यात मी दरवर्षी ऐटीत 'नाही' लिहायचो. एकदा मामांनी ते पाहिलं आणि माझा हातच धरला. "मोटर आठे फिरस, धूर तठे निघस, भाऊ! वीज कोळसानी, मंग धूर कोना?" त्या दिवसापासून त्यांनी वही सुरू केली: दर तासाला मिलने किती वीज खाल्ली, म्हणजे दूर कुठेतरी आपल्या नावाचा किती धूर निघाला. माझ्या मेव्हणीच्या लग्नात भाचीच्या पाठीशी उभं राहायचं सोडून मामा मंगलाष्टकांच्या मध्येच सायकलवर टांग मारून पळाले. अकराचा आकडा चुकला असता ना!

नव्वदच्या दशकाअखेरीस शेठनी साक्रीकडे टेकडीवर पवनचक्की उभारली आणि मामा लहान मुलासारखे नाचले. चक्कीची वीज सरकारी तारांत जायची, मिल त्याच तारांतून घ्यायची, आणि वर्षाची बेरीज तंतोतंत जुळायची. शेठनी झकास पाटी रंगवून घेतली: 'या मिलची सगळी वीज वाऱ्याची'. भोवती रंगीत दिव्यांची माळ, सकाळी दहाला परदेशी गिऱ्हाईक, हार, पेढे, सनई. इकडे मामांनी चक्कीच्या राखणदाराकडून तासातासाचे आकडे एसटीच्या कंडक्टरहाती मागवले होते. ऐन वेळी त्यांनी माळेची वायर हातात घेतली आणि जोडायला साफ नकार दिला.

"वारा दुपारले येस, मिल सकायले चालस. सकायना धूर कोना, शेठ?"

"मामा, वर्षाची बेरीज बरोबर आहे ना?" शेठ दातओठ खात म्हणाले.

"दिवायीले दोन ताटं जेवनू, म्हनीसन आखाजीनी भूक भागस का?"

"वायर जोडा, नाहीतर उद्यापासून येऊ नका!"

सनई थांबली. मामांनी वायर खाली ठेवली नाही आणि जोडलीही नाही. परदेशी पाहुण्याने दुभाष्याला काय चाललंय ते विचारलं, मग वही मागवली. पानं उलटता उलटता गडी खुर्चीतून उठलाच! म्हणाला, "वर्षाची बेरीज सगळेच दाखवतात, तासाचा हिशेब मी पहिल्यांदाच पाहतोय." शेठ आधी लाल झाले, मग खो खो हसले. पाटीवर 'सगळी'च्या जागी 'निम्मी' आलं. पुढच्याच महिन्यापासून मोठी यंत्रं दुपारी चालू लागली, आणि दुपारची झोप गेली म्हणून आम्ही सगळ्यांनी मामांना यथेच्छ शिव्या घातल्या.

मामा निवृत्त झाले त्या दिवशी शेठनी त्यांना शाल पांघरवली आणि आम्हा सगळ्यांकडे वळून विचारलं, "आता ही वही कोण लिहिणार?" जो तो चहा फुंकू लागला. मामांनी एकेकाकडे पाहिलं, माझ्याकडे जरा जास्त वेळ. मी चहाच्या कपात बघत राहिलो. मग तेच हसून म्हणाले, "ऱ्हाऊ द्या, पोरंसले कामं ऱ्हातस." इतकी वर्षं झाली, चहा आता घरीच पितो, पण त्या कपातून मान वर करायचं राहूनच गेलंय.