चिखल्याच्या नाक्यावरची सहा मिनिटं

जपानला आठ दिवस जाऊन आलेला माणूस किती जपानी होऊ शकतो, हे मी डहाणूत पाहिलं. मुंबईहून येऊन इथे चिकूची वाडी घेतलेले एक साहेब होते. परत आले ते 'एकिदेन' घेऊनच. एकिदेन म्हणजे लांब पल्ल्याची, टप्प्याटप्प्याने पळायची शर्यत. हातात काठी नसते, अंगावर कापडी पट्टा असतो, तो एकाने दुसऱ्याला द्यायचा. त्याला तासुकी म्हणतात. साहेब हा शब्द डोळे मिटून उच्चारत.

झाईपासून डहाणूपर्यंत किनाऱ्याचा रस्ता, पाच टप्पे, सहा संघ, त्यांतला एक साहेबांच्या मुंबईच्या मित्रांचा. मी आशागडचा, शाळेत खेळाचा शिक्षक, म्हणून मला चिखल्याच्या नाक्यावर, तिसऱ्या बदलीवर, म्हणजे पट्टा हातबदल व्हायच्या जागी, पंच नेमलं. आदल्या दिवशी साहेबांनी आम्हाला तासभर नियम शिकवले. पट्टा एका खांद्यावरून दुसऱ्या काखेखाली तिरपाच हवा. तो हातातून हातातच द्यायचा, फेकायचा नाही. पळणाऱ्याला बाहेरच्याने हात लावायचा नाही. आणि पहिला संघ बदलीवरून गेल्यावर दहा मिनिटांत ज्यांचा गडी पोचला नाही, त्यांच्या पुढच्या गड्याने थांबायचं नाही, पंचाकडचा पांढरा पट्टा घालून निघायचं. त्या संघाची वेळ मोजली जाते, पण तासुकी तुटली. "तासुकी तुटणं म्हणजे जपानी माणसाला मरण," साहेब म्हणाले. ज्यांची तुटणार नाही त्यांच्यात शेवटी येणाऱ्यालाही 'अखंड तासुकी'चा वेगळा चषक होता. तो कोणासाठी आणला होता, हे मला तेव्हा कळलं नाही.

माझ्या नाक्यावर सगळ्यांत आधी तलासरीकडच्या एका पाड्याचा संघ आला. चौथ्या टप्प्यासाठी उभी होती तिथली अंगणवाडीची मदतनीस. दिराने तिच्या हातात पट्टा दिला. पट्टे शिवले होते साहेबांच्या मित्रांच्या मापाने. तिच्या बारीक खांद्यावरून तो दोनदा घसरला. मग तिने चालता चालताच तो कमरेला आवळला, भाताच्या लावणीला उतरताना पदर खोचतात तसा, आणि सुटली. मी पाहिलं. नियम माहीत होता. वाटलं, एवढं काय, चालेल.

दहा मिनिटं झाली. पाड्यामागून आणखी चार संघ येऊन गेले होते. राहिला साहेबांच्या मित्रांचा. त्यांचा चौथा गडी महागडे बूट घालून मांड्या ताणत होता. मी पांढरा पट्टा त्याच्यासमोर धरला. तेवढ्यात साहेबांचा फोन.

"सर, तुमचं घड्याळ जरा पुढे असेल."

"नाही साहेब, बरोबर आहे."

"असेल, असेल. पाच मिनिटं थांबा ना. आलाच तो."

मी थांबलो. पाच नाही, सहा. मग तो आला, धापा टाकत, अंगावरची तासुकी मात्र अगदी चित्रातल्यासारखी तिरपी.

डहाणूत पाड्याचा संघ पहिला आला. बाकीचे बरेच मागे होते. साहेबांनी कोणाच्यातरी मोबाइलवरचा फोटो मोठा करून पाहिला आणि जाहीर केलं, "पट्टा कमरेला. संघ बाद. मला वाईट वाटतं, पण नियम म्हणजे नियम." आणि 'अखंड तासुकी' मित्रांना. त्या चषकाबरोबर सगळे कमरेत वाकून जपानी नमस्कार करत फोटो काढत होते.

माझ्या तक्त्यावर मी सहा मिनिटांची नोंद केली होती. साहेबांनी ती वाचली. "ही ओळ कशाला, सर? कोरा फॉर्म देतो, नीट उतरवून द्या." मी उतरवून दिला. त्या ओळीशिवाय.

ती मदतनीस बाई मला मंडपाबाहेर गाठून म्हणाली, "गुरुजी, मी पट्टा बांधला तेव्हा तुम्ही बघत होतात. बोलला का नाय?"

"मला वाटलं चालेल."

"तुम्हाला चाललं. त्यांना नाय चाललं."

आठवडाभराने तिच्या पाड्यावर जाऊन मी सहा मिनिटांचं सांगितलं. तिने कोंबड्यांना हाकललं, मला पाणी दिलं आणि शांतपणे म्हणाली, "म्हणजे दोन्हीकडे चुकलात तुम्हीच." साहेबांचा मला तिटकारा होता, आहेच. पण तो माणूस निदान मनापासून खोटा होता. मला नियम पाठ होते, मी डोळ्यांनी पाहिलं होतं आणि ती ओळ माझ्याच हाताने गाळली होती.

मग साहेबांना मी सगळं मोबाइलवर लिहून पाठवलं. त्यांनी दोन जोडलेले हात पाठवले, दुसरं काही नाही.

पुढच्या वर्षी त्यांनीच निरोप धाडला की पाड्याचा संघ हवाच, लोकांना बघायला आवडतं. मी तो तिला पोचवला. ती भात वाळत घालत होती.

"सांगा, नाय येत."

"कारण विचारलं तर?"

"नाय विचारणार."

त्यांनी विचारलं नाही. मीही पंच म्हणून गेलो नाही. माझ्या जागी त्यांना दुसरा शिक्षक लगेच मिळाला.