फॅमिली दाखवा, घर घ्या!

लोकांना घरं दाखवायचं काम केलं की किस्से आपोआप साठत जातात. घरांच्या चाव्या निदान मालकाला परत करता येतात. किस्से कुणाला देणार? म्हणून तुम्हाला देतेय. घ्या!

नव्वदच्या दशकातली गोष्ट. परदेशी कंपन्या नुकत्याच यायला लागल्या होत्या. आमच्या दिल्लीजवळच्या फरीदाबादच्या कारखान्यात जपानहून सातोसान नावाचे इंजिनिअर आले. मी अ‍ॅडमिनमध्ये. आमचे कुलकर्णीसाहेब, पक्के पुणेकर, मला म्हणाले, "गोरेबाई, यांना घर शोधून द्या. आठवड्यात आटपेल." आठवड्यात! अहो, आम्हाला दिल्लीत मयूर विहारमध्ये फ्लॅट मिळेपर्यंत नाकी नऊ आले होते!

सातोसानची बायको आणि छोटी मुलगी हाना तिकडे जपानात वाट बघत होत्या. "घर मिळालं की त्या येतील. नाही मिळालं तर मीच परत जाईन," असं ते शांतपणे इंग्रजीत सांगायचे, आणि साहेब हातातला चहा तसाच खाली ठेवायचे. नवी मशिनं मग चालवणार कोण?

* * *

आमचे प्रॉपर्टी डीलर चढ्ढाजी. त्यांनी आम्हाला आधी गुडगावला नेलं. चहूकडे मोहरीची शेतं! चढ्ढाजी हात नाचवत सांगतायत, "यहाँ मार्केट आएगा जी! यहाँ स्कूल! यहाँ सिनेमा!" मी भाषांतर करतेय. सातोसान समोरच्या म्हशीकडे आदराने बघत मान लववतायत. शेवटी त्यांनी हळूच विचारलं, "आणि आपलं घर?"

चढ्ढाजी म्हणाले, "वो भी आएगा जी!"

* * *

दुसरं घर बांधून झालेलं होतं. सातोसाननी नळ सोडला. पाणी नाही. "सुबह आता है," मालक म्हणाले. दिव्याचं बटण दाबलं. अंधार. "लाइट शाम को आती है।"

सातोसान विचारात पडले. "दोन्ही एकदम कधी असतात?"

मी विचारलं. मालकांनीही मन लावून विचार केला. "दिवाली पे!"

* * *

मग साहेब म्हणाले, "तुम्हाला जमत नाही, मीच येतो." झालं! घर छान, मालक दिलदार. टेबलावर पनीर पकोडे, गुलाबजाम, लस्सी. साहेब म्हणाले, "नहीं नहीं, हम खाके आए हैं।" मालकांचा चेहरा तिथेच पडला.

"मकान कैसा लगा जी?" त्यांनी विचारलं. आता दिल्लीत याचं उत्तर "बहुत बढ़िया" एवढंच असतं. पण साहेब खुर्ची सरकवून बसले आणि बाथरूमच्या उलट्या उतारापासून गच्चीवरच्या ओलीपर्यंत सगळं ऐकवलं. पुण्यात याला चौकस भाडेकरू म्हणतात!

मालक उठून उभे राहिले. "आप जी पुणे में ही रहो!"

सातोसान मात्र तोवर निम्मे पकोडे संपवून "व्हेरी गुड" म्हणत होते.

* * *

अखेर बीजींचं, म्हणजे एका पंजाबी आजींचं, घर सापडलं. फरीदाबादमध्येच, वरचा मजला, पाणी आणि लाइट दोन्ही! बीजी एकट्या राहायच्या. पण अट एकच, एकट्या पुरुषाला घर नाही: "छड़े को नहीं दूँगी. पहले फैमिली दिखाओ."

आता काय करायचं? घराशिवाय फॅमिली येणार नाही, फॅमिलीशिवाय घर मिळणार नाही! सातोसाननी पाकिटातून फोटो काढला. बीजी म्हणाल्या, "फोटो तो कोई भी खिंचवा लेता है।"

चढ्ढाजी माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "मैडम, दो मिनट के लिए आप ही मिसेज़ बन जाओ!"

"चढ्ढाजी," मी म्हटलं, "बीजींचे डोळे शाबूत आहेत हो!" चिडून मराठीतच बोलले, पण त्यांना बरोबर कळलं.

सातोसान मात्र हसले नाहीत. हानाचा फोटो त्यांनी रुमालाने पुसून अलगद परत पाकिटात ठेवला. मला अगदी गलबलून आलं.

* * *

जानेवारीतल्या एका दुपारी मी बीजींना कंपनीच्या गाडीतून ऑफिसात आणलं. शाल सावरत त्या थेट साहेबांच्या खुर्चीत बसल्या. मी जपानला सातोसानच्या बायकोला फोन लावला आणि रिसीव्हर बीजींच्या हातात दिला. इकडून अस्सल पंजाबी, तिकडून अस्सल जपानी! मध्ये बीजी हसल्या, मध्ये डोळे पुसले. साहेब बिलाच्या चिंतेत घड्याळ बघतायत. बीजींनी फोन ठेवला आणि कनवटीची चावी सातोसानच्या हातावर ठेवली. "कुड़ी चंगी है। सारी गल हो गई।" पोरगी चांगली आहे, सगळं बोलणं झालं म्हणे!

सातोसान त्या चावीला वाकून नमस्कार करत राहिले. मी तर ऑफिसात रडले!

माय-लेकी यायला एप्रिल उजाडला. आम्ही सगळे बीजींच्या फाटकाशी उभे. ऊन मी म्हणत होतं. गाडीचं दार उघडलं आणि हाना उतरली. जाडजूड स्वेटर, कानटोपी, मफलर, हातमोजे! गाल लालबुंद. मागून आई, कपाळावरून घाम निथळतोय.

सातोसाननी पोरीला उचलून आधी पोटभर कुरवाळलं, मग चक्रावून बायकोला विचारलं, "उन्हाळी कपडे आण, असं मी बजावलं होतं ना?"

तिने कंबरेत वाकून नमस्कार केला आणि बोट दाखवलं बीजींकडे.

बीजी पुढे झाल्या, हानाची कानटोपी नीट केली आणि आमच्याकडे वळून म्हणाल्या, "मैंने फोन पे कहा था, यहाँ बड़ी ठंड है, बच्ची को ढक के लाना। देखो, कितनी बात मानती है!"