साहेबांसाठी स्वच्छ केलेली विहीर
रॉकेलचा वास आला की काष्टीजवळची ती पडीक विहीर आठवते. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला मी तिथे हिवतापाच्या डासांवर संशोधन करत होतो आणि विहिरीतल्या अळ्या हेच माझं सगळं भांडवल होतं. त्या पाहूनच दिल्लीचे साहेब कामाला मुदतवाढ देणार होते. हार घालून, हलगीच्या तालावर साहेब विहिरीपाशी आले, तर पाण्यावर रॉकेलचा तवंग आणि अळी एकही जिवंत नाही. "सायेब येनार म्हून सकाळीच डबा वतला," सरपंच माझ्या कानाशी म्हणाले, "तुमची लाज राखली आमी!" साहेबांनी वाकून पाहिलं, माझी पाठ थोपटली आणि डास संपल्याने संशोधनाची गरज उरली नाही, असं जाहीर केलं. सर्वांत जोरात टाळ्या सरपंचांनी वाजवल्या. डास पुढच्याच पावसाळ्यात परत आले. मला मात्र कोणी बोलावलं नाही. हेही मी मच्छरदाणीत बसूनच लिहितो आहे.