बिनतेलाचा गोळाभात

हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. सख्ख्या बहिणीलाही नाही. तुम्हाला सांगते आहे, कारण — जाऊ द्या, कारण-बिरण काही नाही. सांगते आहे, एवढंच.

आमचे हे खापरखेड्याच्या वीज केंद्रात होते. रिटायर झाले आणि वर्षाच्या आतच छातीत दुखलं, स्टेंट बसला. डॉक्टरांनी बजावलं — तेल-मीठ कमी, रोज चालणं, आणि तंबाखू-सुपारीचा खर्रा बंद म्हणजे बंद. आता नागपुरी माणसाचा खर्रा सुटतो का हो? तरुणपणापासून गालात होता. यांनी दवाखान्याच्या पायरीवरच पुडी फेकली, ती कायमची. पहाटे उठून सक्करदऱ्याच्या तलावावर चालायला जायचे, थंडीत कानाला मफलर बांधून. मी खिडकीतून बघायची. वाटायचं, हा माणूस इतकी वर्षं माझ्या घरात आहे, आणि मला माहीतच नव्हता!

त्यांनी त्यांचं सगळं केलं. माझ्याकडे एकच काम होतं. स्वयंपाक.

माझा गोळाभात नात्यात नावाजलेला. डाळीचे वाफवलेले गोळे भातात कुस्करायचे आणि वरून हिंग-मिरचीचं कडकडीत तेल — पळीभर, हात आखडता न घेता. आमच्याकडे कोरडं वाढलं तर पाहुणा रुसतो. सुरुवातीला मी खरंच बिनतेलाचं रांधलं. हे मुकाट्यानं गिळायचे. एरवी घासागणिक वाखाणणारा माणूस ताटावरून नुसता उठून जायचा. मला ते सोसलं नाही. दया आली म्हणू? खोटं कशाला बोलू — माझं मिरवणं बंद पडलं होतं.

मग एक दिवस तेल वरून घातलं नाही, गोळ्यांतच मुरवलं. चांगलं भरपूर. यांनी घास घेतला आणि डोळे मोठे केले. "बिनतेलाचं असं लागते? कमाल आहे वं तुह्या हाताची!"

बोलायची वेळ तीच होती. मी लाजले. लाजले हो!

पुढे भाजीत, वरणात, सगळीकडे तेच. शेजारणी कृती विचारायला यायच्या आणि मी सांगायची, मंद आच ठेवा. पुढच्या तपासणीत कोलेस्टेरॉल हललंच नव्हतं. डॉक्टर यांच्यावर चिडले — काका, तुम्ही बाहेर चोरून खाता. हे मान खाली घालून ऐकत राहिले. मी शेजारच्याच खुर्चीत होते, पर्स घट्ट धरून. बाहेर आल्यावर म्हणाले, "माहंच काही चुकून राहिलं असन वं." आणि पुतणीच्या लग्नात पंगत सोडून माझा डबा उघडून बसले. घरचंच खाईन म्हणाले. त्या डब्यात काय होतं, ते तुम्हाला सांगायला हवं का?

नंतर दम लागायला लागला, म्हणून इको करायला सांगितला. तिथल्या मुलीनं मला आत उभं राहू दिलं. पडद्यावर यांचं हृदय. बापरे! असं काही मी जन्मात पाहिलं नव्हतं. इवलीशी झडप — उघडते, मिटते, पुन्हा उघडते. मी दुपारची पाठ टेकते; ते कधी टेकत नाही. मी भांडले तेव्हाही ते चालूच असेल. मी गोळ्यांत तेल मुरवत होते — तेव्हाही. कोणाला जाब न विचारता, जे मिळेल त्यावर. मुठीएवढा जीव, आणि केवढा मोठा! माझे हात आपोआप जोडले गेले. देवळातसुद्धा मी इतक्या मनापासून कधी जोडले नसतील. आणि याच हातांनी मी...

घरी येऊन खरा बिनतेलाचा गोळाभात केला. यांनी घास घेतला. थांबले. पुन्हा घेतला.

"आज फिक्कं लागून राहिलं मले," म्हणाले. "माह्याच तोंडाची चव गेली असन."

आणि शीतही न ठेवता ताट स्वच्छ केलं.

आता त्यांची तब्येत चांगली आहे. आजारानं तोंडाची चव नेली, असं ते अजून सगळ्यांना सांगतात. मी बाजूला असते, आणि सांगू देते.