‘वर’ म्हणजे कुठं

बहात्तरच्या दुष्काळात शेतात काही उगवलं नाही, सरकारी सभांचं पीक मात्र जोमात होतं. मी तेव्हा नगर शहरातून जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या एका कोरड्या गावात चित्रकलेचा शिक्षक म्हणून गेलो होतो. गावात मातीचा सोडला तर दुसरा रंग शिल्लक नव्हता, त्यामुळे माझा विषय तसा बिनकामाचाच झाला होता. पण शाळेची मोठी खोली ही गावातली सर्वांत मोठी सावली. म्हणून सगळ्या सभा तिथं भरत आणि त्या खोलीतला फळा माझ्या ताब्यात होता.

तालुक्याचे विस्तार अधिकारी कुठलंसं प्रशिक्षण घेऊन आले. येताना त्यांनी ‘दृक्-श्राव्य साधने’ असा शब्द आणला. साधनं आणायला पैसे मिळाले नाहीत, म्हणून त्यांनी मला धरलं.

“सभेत जे बोललं जाईल ते तिथल्या तिथं फळ्यावर काढायचं, गुरुजी. लोक ऐकतील आणि पाहतीलही.”

“लोक ऐकतात असं तुम्हाला वाटतं?”

“म्हणून तर पाहायला द्यायचं.”

माझी पहिली सभा फसली. मी बैलाची शिंगं घोटत बसलो आणि बोलणं बैलावरून बियाण्यावर आणि बियाण्यावरून रेशनच्या मिलोवर, त्या अमेरिकेच्या लाल ज्वारीवर, गेलं. मग मी शिकलो. ओढा म्हणजे एक वाकडी रेघ, डोंगर म्हणजे त्रिकोण, माणूस म्हणजे गोळा आणि काठी. जे बोललं गेलं तेच काढायचं आणि कोण बोललं ते काढायचं नाही. याचा एक फायदा झाला, जो प्रशिक्षणात कुणी सांगितला नसावा. एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगणारा माणूस गप्प बसायला लागला. तो उठला की मागून कुणीतरी म्हणे, “आरं, तुझं ते झालं की. ते बघ, तिथं हाय.” आणि तो स्वतःचं म्हणणं फळ्यावर बघून बऱ्यापैकी समाधानानं खाली बसे.

अडचण यायची ती भाषणांची. एकदा एक अध्यक्ष राष्ट्र, त्याग आणि कर्तव्य यांवर भरपूर बोलले. काढण्यासारखं त्यात काही सापडेना. मी खडू हातात धरून उभा, फळा कोरा. शेवटी पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्यानं काळजीनं विचारलं, “गुरुजी, खडू सपला का?” सभा हसली. त्या दिवसापासून सरपंच मला चित्रगुप्त म्हणायला लागले. ते कौतुक नव्हतं.

तलावाची सभा भरली तेव्हा गावाची स्थिती वाईट होती. खडी फोडायचं दुष्काळी काम बंद पडलेलं, दुसरं काम नाही. पाटबंधाऱ्याचे साहेब पाझर तलावाचा ठराव घ्यायला जीपनं आले. त्यांना सुताचा हार घातला. फुलं नव्हतीच. तो हार एरवी सरपंचांच्या घरी खुंटीला असे आणि पाहुणे गेले की परत खुंटीवर जाई.

साहेब कोकणातले, नेमके बोलणारे. त्यांनी नकाशा टेबलावर पसरला आणि सांगितलं, “दोन जागा पाहिल्या आहेत, एक वरची आणि एक खालची. माझ्या मते वरची चांगली. आज ठराव झाला तर लगेच काम सुरू होईल. नाही झाला तर काम शेजारच्या गावाला द्यावं लागेल, त्यांचीही मागणी आहे.”

यात धमकी नव्हती. तशी वस्तुस्थितीच होती आणि खोलीतल्या प्रत्येकाला ती पोटातून कळली.

“वरचीच घ्या, साहेब,” चारी बाजूंनी आवाज आले. “वरचीच ब्येस.”

चर्चा म्हणून थोडी चर्चा झाली. कुणी डोंगराचं नाव काढलं, मी त्रिकोण काढला. कुणी मारुतीचं देऊळ म्हणालं, मी देऊळ काढलं. डोंगराकडून येणाऱ्या ओढ्यालगत चिंच आहे, तिच्या सावलीला मजुरांची पोरं ठेवता येतील, असं एक जण म्हणाला. मी चिंच काढली. मग साहेबांच्या नकाशात बघून फळ्याच्या वरच्या भागात ओढ्यावर एक जाड आडवी रेघ ओढली. ती तलावाची भिंत.

तोवर हात वर झाले होते. विस्तार अधिकाऱ्यांनी ‘सर्वानुमते’ हा शब्द लिहूनही टाकला होता. बहुधा तो शब्द ते घरूनच लिहून आणत असत.

तेवढ्यात दाराशी बायकांत बसलेली आक्का उठली. पन्नाशीची, एकटी बाई. डोंगराकडच्या वस्तीवर राहायची. गावातल्या सगळ्या विहिरी तळाला गेल्या होत्या. हिच्या विहिरीत मात्र अजून पाणी झिरपत होतं, आणि वस्ती आणि निम्मं गाव त्यावर हंडे भरत होतं. हात तिनंही वर केला होता.

“गुरुजी, ही भित कुठं घातली तुमी?”

“साहेबांनी सांगितलं तिथं. वरच्या जागेवर.”

“ही वर न्हाई. वर तिकडं हाय.” तिनं डाव्या भिंतीकडे हात केला, मावळतीकडे. “ती चिंच माझी हाय. चिंचंखाली माझी इहीर हाय. तिच्यावर भित घालताय व्हय?”

एकदम गलका झाला. “आक्के, खाली बस!” “ठराव झालाय आता!” “तुझ्या एका इहिरीपायी गावाच्या हातचं काम घालवती का?” तिच्या शेजारच्या बाईनंच तिचा पदर ओढला. त्या बाईच्या घरचं पाणी आक्काच्याच विहिरीचं होतं.

आक्का बसली नाही.

“साहेब, तिचं काय ऐकता?” सरपंच हसत म्हणाले. “वर काय न् खाली काय, तलाव म्हंजी तलाव.”

साहेबांनी घड्याळ पाहिलं. “मास्तर, ते चित्र पुसून टाका. गोंधळ होतोय.”

विस्तार अधिकारी माझ्याजवळ आले. “पुसा हो,” ते कुजबुजले. “दृक् पुरे झालं. उरलेलं श्राव्य करू.”

मी डस्टर उचललं. आक्का माझ्या हाताकडे बघत होती, बाकीचे तिच्याकडे. मी तिची विहीर अजून काढलीही नव्हती, त्यामुळे पुसण्यासारखं तिचं असं फळ्यावर काही नव्हतंच. फक्त चिंच होती.

“पुसतो, साहेब,” मी म्हणालो. “पण पुन्हा काढताना चूक नको. वरची जागा कुठं ते सगळ्यांनी एकदा दाखवावं. मघाशी ठरावाला हात केले तसेच. फक्त ते आढ्याकडे नकोत, त्या जागेकडे करा.”

मग पुढचा तो खडूवाला म्हातारा उठला आणि त्यानं हात केला मावळतीकडे. त्याच्यामागे दुसरा, मग एकेक करत सारी खोली. बायकांचेही हात आले, पदर ओढणारीचासुद्धा. सगळे हात डाव्या भिंतीकडे. साहेबांचं बोट मात्र नकाशावर होतं, उत्तरेला, कागदाच्या वरच्या कडेशी.

आमच्या त्या भागात पाणी मावळतीकडून उगवतीकडे वाहतं, म्हणून मावळतीला ‘वर’ म्हणतात आणि उगवतीला ‘खाली’. नकाशात वर म्हणजे उत्तर. मी शहरातला, शाळेत नकाशे शिकलेला. मलाही ते त्या दिवशीच कळलं. सगळं गाव पश्चिमेच्या ओढ्याला हात वर करत होतं आणि कागदावर उत्तरेचा ओढा चढत होता. साहेबांनी जिला खालची म्हटलं होतं ती जागा हीच, पश्चिमेची.

खोलीत दोनच हात खाली होते, सरपंचांचे. त्यांनी ते पाठीमागे बांधले होते. उत्तरेच्या ओढ्याच्या अंगाला कुणाची जमीन आहे आणि तिथं पाझर झाला तर कुणाच्या विहिरीला पाणी येईल, हे गावाला ठाऊक होतं.

साहेबांनी नकाशावरचं बोट उचललं. मग सरपंचांना म्हणाले, “तुम्हाला माहीत होतं?”

“मला वाटलं, तुमाला ठावं असंल.”

साहेबांनी नकाशाची गुंडाळी केली. “असा ठराव मला नेता येणार नाही. आता वर विचारावं लागेल.”

“आयला,” म्हातारा म्हणाला, “हे आनखी तिसरंच वर निघालं.”

कुणी हसलं नाही. काम लांबलं होतं आणि कदाचित गेलंही होतं. निघताना साहेबांनी बजावलं, की ओव्हरशियर येऊन फळ्याची नक्कल करून नेईल, तोवर पुसू नका. एवढं म्हणून जीप गेली.

पुढचे दिवस कठीण गेले. शेजारच्या गावात फावडी पोचल्याची बातमी रोज येई आणि रोज खोटी ठरे. लोक मला रामराम घालायचे, पण थांबायचे नाहीत. आक्काला विहिरीवरच शिव्या बसत. तिचंच पाणी शेंदत बायका तिला ऐकवत, “घ्या, चिंचंखाली बसा आता समदी.” ती ऐकून घ्यायची आणि पोहरा सोडायला मदत करायची. दुपारी मात्र ती शाळेत यायची. व्हरांड्यात, दाराला पाठ लावून बसायची. मी चित्रकला अंगणात मातीवर काठीनं शिकवत होतो.

एके दिवशी सरपंचांचा गडी ओलं फडकं घेऊन आला. ओलं फडकं ही त्या दिवसांत चैनच होती.

“फळा पुसायला सांगितलाय. शाळा हाय का काय हाय ही?”

मी काही बोलायच्या आत आक्का जागची न उठता म्हणाली, “पूस की, बाबा. न्हाई कोन म्हनतंय? फकस्त उद्या तुझ्या घरचा हंडा माझ्या इहिरीवर आनू नगंस.”

गड्यानं त्या फडक्यानं स्वतःचं तोंड पुसलं आणि गेला.

ओव्हरशियर आला, त्यानं नक्कल केली. विहीर कुठं ते त्यानं विचारलं, तेव्हा मी पहिल्यांदा चिंचेखाली एक गोल काढला. त्यानंतरही वाट पाहणं होतंच. मग एका सकाळी जीप आली. साहेबांनी नवा ठराव उभ्यानंच वाचला. त्यात ‘वरचा’ हा शब्द कुठंही नव्हता. ‘मावळतीकडील ओढ्यावर’ असं लिहिलं होतं, आणि कंसात, कुणाचीही शंका राहू नये म्हणून, ‘मारुतीच्या देवळापलीकडे’. सुताचा हार आणायचं सरपंच विसरले. हात वर झाले ते या वेळी आपोआपच डावीकडे झुकले. दुसऱ्या दिवशी पश्चिमेच्या ओढ्यात फावडी वाजायला लागली. माझ्या रामरामाला लोक पुन्हा थांबायला लागले.

सभा पांगल्यावर मी डस्टर घेतलं. आक्का दारात उभी होती. ती आत आली, फळ्याच्या अगदी जवळ गेली आणि इतके दिवस ज्याची राखण केली ते चित्र तिनं पहिल्यांदा नीट पाहिलं.

“गुरुजी,” ती म्हणाली, “इहीर लई ल्हान काढली तुमी.”

मी डस्टर खाली ठेवलं आणि खडू घेतला.