अक्कांनी पाणी बंद केलं

"आधी पाणी दाखवा की." दार उघडलं की अक्कांचं पहिलं वाक्य हेच. चपला दारात काढून त्या थेट बाल्कनीत जायच्या, कुंडीखालची बशी उपडी करायच्या आणि माझ्याकडे अशा बघायच्या, जणू डास मीच पाळलेत.

आमच्या वॉर्डाच्या आरोग्य केंद्रात त्या नोकरीला होत्या. निपाणीकडच्या, म्हणून माझ्याशी मराठी. बंगळूरच्या सर्जापूर रोडवरच्या आमच्या सोसायटीत बाकी सगळ्यांशी कन्नड.

त्या उन्हाळ्यात माझ्या चार वर्षांच्या ईराला जुलाब सुरू झाले. दुपारपर्यंत मी मोजणं सोडलं. डोळे खोल गेले, रडताना पाणी येईना. हॉस्पिटलात सलाईन लावायला नर्सला शीर सापडत नव्हती. मी ईराचा पाय धरून बसले होते. तो गार पडला होता.

तिथेच अक्कांचा फोन आला. केंद्राला हॉस्पिटलकडून कळलं होतं. "बाळ कशी आहे?" आणि लगेच, "पाणी कुठलं पिता? फिल्टरचं? मग दात कशानं घासते?"

नळाच्या पाण्यानं.

संध्याकाळी नवऱ्याला ईरापाशी बसवून कपडे न्यायला घरी आले, तर अक्का तळघरातल्या टाकीपाशी. दारोदार फिरून त्यांनी आमच्याच विंगमधली आणखी आजारी माणसं शोधली होती. टाकीला लागून सांडपाण्याचा पाइप, त्याच्या सांध्याला ओल. सोसायटीचे सेक्रेटरी कन्नडमध्ये ओरडत होते, "रिपोर्ट येऊ दे मॅडम! एवढ्या लोकांचं पाणी असं बंद करता येतं का?"

अक्का पंपाच्या स्विचसमोरून हलल्या नाहीत. "रिपोर्ट परवा येतोय. तोवर अजून एखादं लेकरू आडवं पडलं तर? मी बंद केलंय. माझ्या नावानं तक्रार करा, सरी? चालेल?"

सेक्रेटरी गेल्यावर त्या पायरीवर बसल्या. हातातल्या पाण्याच्या नमुन्याच्या बाटलीचं झाकण पुन्हा पुन्हा घट्ट करत राहिल्या.

"घाबरलात?" मी विचारलं.

"भ्या वाटतंय की. पाणी चांगलं निघालं तर नोकरीवर येईल. आणि वाईट निघालं तर... सकाळपासून किती जण प्यालेत हो हे!"

वाईटच निघालं. पाइप बदलेपर्यंत अक्का रोज यायच्या, प्रत्येक घरी जुलाबावरच्या मीठ-साखरेची पाकिटं द्यायच्या. नवीन कुणी आजारी पडलं नाही. ईरा चौथ्या दिवशी घरी आली. आमच्या विंगच्या तळमजल्यावर एकटे राहणारे आजोबा मात्र वाचले नाहीत. पाणी बंद केल्याच्या दुसऱ्या दिवशी कामवाली आली तेव्हा ते सापडले.

पुढे अक्कांची बदली शहराबाहेर होसकोटेला झाली. त्यांच्या इथल्या शेवटच्या दिवशी ईराला घेऊन मी केंद्रावर भेटायला गेले. आभार मानायला तोंड उघडलं, तर त्यांनी हातानंच थांबवलं.

"त्या आजोबांची बेल मी त्या दिवशी वाजवली होती," त्या म्हणाल्या. "दोनदा. वाटलं, बाहेर गेले असतील. पुढच्या दाराला गेले मी."

त्यांनी ईराच्या गालावरून हात फिरवला, पिशवी उचलली आणि बस स्टॉपकडे चालू लागल्या.