सासूबाईंना हरवणारी खिरापत

भिलाईला आमच्या सेक्टरमध्ये भाद्रपद पौर्णिमेला भुलाबाई, म्हणजे मातीचे शंकर-पार्वती, बसतात, त्या कोजागिरीपर्यंत. रोज संध्याकाळी एकेका घरी मुली-बायका टिपऱ्या घेऊन गाणी म्हणतात आणि शेवटी खिरापत ओळखायची. घरची बाई झाकलेला डबा हलवते, बाकीच्या आवाजावरून खाऊचं नाव सांगतात. माझ्या सासूबाई यात कधीच हरल्या नव्हत्या. स्टील प्लांटात नोकरी सासऱ्यांची, पण सेक्टरात दरारा यांचा.

मी रायपूरची. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी माझा डबा एकदाच हलला आणि सासूबाई म्हणाल्या, "शंकरपाळे." वर सगळ्यांसमोर, "रायपूरवाल्यांचं मराठी म्हणजे हिंदीलेच नेसवलेली नऊवारी. खिरापतीतलं हिले काय समजते?" सगळ्या हसल्या. मीही हसले, पण आतून जळून खाक झाले. मी यांच्यातली आहे की नाही, ते आता त्या डब्यावरच ठरणार होतं. निदान माझ्यापुरतं तरी.

पुढच्या वर्षी आमच्या पाळीला मी घरात गॅसच पेटवला नाही. सासूबाईंचं नाक कानापेक्षा तिखट! सिविक सेंटरच्या बाजारातून तयार काही आणलं असतं तर त्यांनी पिशवीवरूनच ओळखलं असतं. म्हणून शेजारच्या छत्तीसगढी काकूंच्या ओट्यावर सगळं केलं आणि डबा तिथेच भरला.

संध्याकाळी डबा हलवला. थप्प, थप्प.

"मोदक?" नाही. "कणकेचे दिवे?" नाही. "उंडे? पुरणाचे दिंड?" नाही, नाही. मुली तर केव्हाच थकल्या. सासूबाई घामाघूम झाल्या आणि मी फक्त नाचायची बाकी होते.

"हरलो म्हणा, आई."

"हरलो," त्या पुटपुटल्या.

झाकण काढलं. फरे! तांदळाच्या पिठाचे, बोटाएवढे, वाफवून तीळ-मिरचीची फोडणी दिलेले. काकूंकडून दर आठवड्याला येतात आणि सासूबाईच सगळ्यांत आधी ताट ओढतात.

"हे तर त्यायचं होय, आपलं नाही. चालत नाही!"

माझा तोल सुटला. "चाळीस वर्षं हेच खाऊन राहिल्या तुमी, मंग आपलं कावून नाही? अन् मीबी इथलीच, छत्तीसगढची. मंग मीबी तुमची नाही का?"

सासूबाईंनी एक फरा खाल्ला. दुसरा उचलला. मग दारात जाऊन, कमरेवर हात ठेवून, समोरच्या क्वार्टरपर्यंत ऐकू जाईल अशा ओरडल्या, "ऐकलं का वं? हरवलं मले! बाहेरच्या कोणाची हिंमत नाही झाली, माझ्या सुनेनं हरवलं!"